एकोणऐंशी ठिपके

आमच्या घरात फोटो काढण्याचे खाते माझ्याकडे वडिलार्जित आले आहे. वडिलांजवळ आग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरचे रीळ, आणि एका रिळात बारा फोटो. त्यामुळे वडिलांनी 'हं, आता हलू नका' म्हटले की पाळण्यातले पोरसुद्धा श्वास रोखून धरी. आता माझ्या हाती डिजिटल कॅमेरा आहे. कार्डावर दोन हजार फोटो मावतात, आणि माझ्या सांगण्यावरून घरातले मांजरही स्थिर बसत नाही.

या कॅमेऱ्याने एकदा माझी जी फजिती केली तिची हकीकत वाचकांना सांगावी असे फार दिवस मनात होते. फजिती माझी असली तरी ती कुणाचीही होण्यासारखी आहे. दिवाळीत तर फारच.

२०१९ सालच्या माघात आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात, हा हिशेब आईनेच आम्हांला करून दाखवला. ८१ दिव्यांनी तिला ओवाळायचे होते, आणि ओवाळायला मिरजेहून मावशी येणार होती. दोघी बहिणींची गाठ सहा वर्षांनी पडत होती. मावशीचे गुडघे आणि आईचे हृदय या दोन कारणांनी दोघींचे प्रवास बंद झाले होते. तेव्हा हा फोटो पुन्हा मिळणारा नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते.

म्हणून आदल्या रात्री मी रंगीत तालीम घेतली. दिवाणखान्यातले विजेचे दिवे मालवले, पाटावर आमच्या सौभाग्यवतींना बसवले आणि समोर ताटात दहा निरांजने लावली.

"अहो, एक्याऐंशी वर्षांची व्हायला मला अजून अवकाश आहे. लवकर आटपा!" ती म्हणाली.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी गोल डायल असते, तिच्यावर सी १ आणि सी २ अशी दोन घरे आहेत. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर हीच घरे यू १, यू २ अशी असतात, काहींवर नुसते १, २, ३ असे आकडे असतात. नावे निराळी, पण काम एकच. आपल्याला वारंवार लागणारी जुळणी एकदा या घरात साठवून ठेवायची. पुढे डायल तिथे फिरवली की शटरचा वेग, भिंगाचे छिद्र, आयएसओ, फोकसची पद्धत, रंगांचा तोल सारे एका झटक्यात आपल्या जागी येते. गृहिणीने फोडणीचे सगळे जिन्नस एका डब्यात ठेवावेत, तशी ही सोय आहे.

मी डायल सी १ वर आणली आणि खटपट करीत बसलो. अखेर शटर सेकंदाचा साठावा भाग, छिद्र एफ २ आणि आयएसओ ३२०० अशी जुळणी बसली. सौभाग्यवतींचा चेहरा निरांजनांच्या उजेडात असा काही उजळला, की तिने स्वतःच दोनदा तो फोटो मागून पाहिला. मी समाधानाने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि झोपलो. माझ्या आधी कॅमेरा झोपला. एक मिनिट हात लागला नाही की झोपी जाण्याची त्याला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी घर माणसांनी भरले होते. ८१ दिवे लागले. मावशी भिंतीला हात धरीत उठली. दोन सुनांनी ताटाला खालून आधार दिला आणि ती ओवाळू लागली. आई पाटावर ताठ बसली होती. ती म्हणाली, "अगं, हात भाजून घेशील." मावशी म्हणाली, "लहानपणी तू मला चुलीपाशी जाऊ देत नव्हतीस, आता तरी जाऊ दे!" आणि दोघी एकदम हसल्या आणि एकदम रडल्या.

मी डायल सी १ वर ठेवून बटण दाबले. कॅमेरा टरटर वाजला आणि एका दमात पाच-सहा फोटो निघाले. आदल्या रात्री तो एकेकच फोटो काढीत होता, हे खरे तर तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. दृश्यखिडकीत खाली उजेडाचा काटा डाव्या टोकाला जाऊन लुकलुकत होता, तोही दिसायला हवा होता. पण माझा कॅमेरा आरशाचा आहे. त्याच्या खिडकीतून दृश्य डोळ्यांना जसे दिसते तसेच दिसते. फोटो कसा येणार ते त्यावरून कळत नाही. शिवाय माझेच डोळे भरून आले होते.

चाळीस फोटो काढून झाल्यावर पुतणी म्हणाली, "काका, दाखवा ना!"

मी दाखवले. पडदा काळाकुट्ट होता. आई नाही, मावशी नाही, पाट नाही. काळ्या पाटीवर खडूने ठिपके द्यावेत तसे नुसते दिव्यांच्या ज्योतींचे ठिपके.

पुन्हा एकदा ओवाळावे, असे मी भीत भीत सुचवले. आई म्हणाली, "मी काय सिनेमातली नटी आहे परत परत ओवाळून घ्यायला?" विषय तिथेच संपला.

कॅमेरा बिघडला, अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गाडीला निघण्यापूर्वी मी दोघींना खिडकीजवळ बसवले आणि कॅमेऱ्यावरचा विश्वास उडाल्यामुळे डायल साध्या ए.व्ही. या घरावर ठेवून एक फोटो काढला. तो उत्तम आला. शहाण्या माणसाने इथेच ओळखले असते की कॅमेरा धडधाकट आहे आणि दोष सी १ मध्ये आहे. मी मात्र तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानातला मुलगा विशीबाविशीचा असेल. त्याने सी १ लावून पाहिले आणि विचारले, "काका, यात तुम्ही पक्ष्यांचं सेटिंग ठेवलंय का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डिसेंबरात आम्ही भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो होतो. भर उन्हात उडणारे पक्षी टिपण्यासाठी मी सी १ मध्ये शटर सेकंदाचा सोळाशेवा भाग, छिद्र एफ ८, आयएसओ ४०० आणि लागोपाठ फोटो अशी जुळणी साठवली होती. फोटो काढल्यावर तो पडद्यावर दिसण्याची सोयही तिथेच बंद केली होती. तालमीच्या रात्री मी या घरात राहून सारे बदलले, पण मेनूत जाऊन ते पुन्हा नोंदवले नाही. नोंदवले नाही म्हणजे बदल तात्पुरता. कॅमेरा झोपला, की तो जुन्या नोंदीवर परत जातो. शटरमुळे सुमारे २७ पट, छिद्रामुळे १६ पट आणि आयएसओमुळे ८ पट; गुणाकार केला तर फोटो हवा त्याच्या ३४०० पटींहून अधिक काळोखा! उरल्या त्या फक्त ज्योती, कारण त्या स्वतःच तळपत होत्या.

"आपोआप नोंद करण्याची सोयही आहे यात," असे सांगून त्या मुलाने मेनूतली एक ओळ दाखवली. मी ती उत्साहाने चालू केली. आता बदल केला की तो कायम राहू लागला. गणपतीत भाच्याने कॅमेरा घेतला, मखराच्या उजेडाविरुद्ध फोटो काढताना उजेड दोन अंशांनी वाढवला आणि कॅमेरा जागेवर ठेवला. पुढच्या रविवारी माझ्या सगळ्या फोटोंतली माणसे भुतासारखी पांढरीफटक आली. ती सोय मी त्याच दिवशी बंद केली.

या दोन तडाख्यांतून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. फोटो विचित्र येऊ लागले तर प्रथम डायल साध्या घरावर न्यावी. तिथे फोटो ठीक आला, तर कॅमेरा निर्दोष आहे आणि साठवलेली जुळणी तपासायला हवी. आपोआप नोंद करण्याची सोय बंदच असू द्यावी. बदल आवडला तर मेनूत जाऊन आपल्या हाताने नोंदवावा. नोंदवल्यावर कॅमेरा बंद करावा, पुन्हा चालू करावा आणि आकडे तेच आहेत ना ते पाहावे. ही शेवटची पायरी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि नेमकी तीच मी गाळली होती. भिंगावरच्या बारीक खटक्यांची मात्र या साठवणीत नोंद होत नाही. फोकसचा खटका हाताच्या खुणेवर राहिला असेल, तर डायल कितीही फिरवली तरी चित्र धूसरच येईल. आणि कोणत्या घरात काय साठवले आहे ते कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवावे. माझ्या कागदावर आता 'सी १ : दिवे, सी २ : पक्षी' असे सौभाग्यवतींच्या अक्षरात लिहिलेले आहे; माझे अक्षर मलाच लागत नाही, असे तिचे म्हणणे.

पुढच्या वर्षी मावशी गेली. खिडकीजवळचा तो फोटो दिवाणखान्यात लावला आहे. त्यात दोघी नीट बसल्या आहेत, पदर सारखे केले आहेत, चष्मे पुसले आहेत. फोटो चांगलाच आहे. पण आदल्या संध्याकाळचे ते हसणे त्यात नाही.

काळे फोटो मी पुसून टाकणार होतो, आईने पुसू दिले नाहीत. अजूनही ती कधी तरी ते मागते आणि भिंग लावून ठिपके मोजते. ठिपके ७९ भरतात.

"उरलेले दोन?" मी एकदा विचारले.

"तिच्या हाताआड गेलेत," आई म्हणाली.

या भाऊबीजेला बहीण ताट घेऊन समोर येण्यापूर्वी, वाचकहो, आपल्या कॅमेऱ्याची डायल कोणत्या घरावर आहे तेवढे पाहून घ्या. एक फोटो काढा, कॅमेरा बंद करा, पुन्हा चालू करा आणि मगच पाटावर बसा.