रेषा आणि बाण

मंडळाच्या सभासदांची यादी एका टेबलात आणि वर्गणीच्या नोंदी दुसऱ्यात असतात. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या क्वेरी डिझाइनमध्ये दोन्ही टेबले आणून एकातील सभासद क्रमांक माउसने ओढून दुसऱ्यातील सभासद क्रमांकावर सोडावा. जोडणारी रेषा उमटते. रेषा नसेल, तर २०० सभासद आणि १५० नोंदी यांच्या ३०,००० जोड्या समोर येतील!

मात्र साध्या रेषेने दोन्हीकडे असलेली नावेच मिळतात. वर्गणी राहिलेली कुटुंबे मुकाट्याने गळतात आणि दिवाळीच्या निमंत्रणालाही मुकतात. म्हणून रेषेवर डबल-क्लिक करून सभासदांच्या सर्व नोंदी घेणारा पर्याय निवडावा. वर्गणीकडे बाण दिसेल आणि सगळी नावे येतील. ज्यांच्यापुढे रकाना रिकामा, त्यांना फोन करावा. पण बोलावणे सर्वांना जावे.