घर विकताना त्याची ओळख कशी मांडावी?

कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज इथलं कॉफमन कुटुंबाचं घर वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी १९४६ मध्ये उभं केलं. पुढच्याच वर्षी छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी तिन्हीसांजेच्या उजेडात त्याचं छायाचित्र काढलं: मागे डोंगर, पुढे पोहण्याचा तलाव, आत लागलेले दिवे. त्या एका छायाचित्राने घराला जी ओळख दिली, ती कुठल्याही बोधचिन्हाला देता आली नसती. १९९० च्या दशकात घराला मूळ रूप परत देताना शुलमन यांची छायाचित्रंच पुरावा म्हणून कामी आली.

अशा घराचं संकेतस्थळ खोल्यांच्या संख्येने सुरू करू नये. आधी वास्तुविशारदाचं नाव, वर्ष, मूळ नकाशे, जुनी छायाचित्रं यावीत (हक्कधारकांची परवानगी घेऊन, हे हमखास राहून जातं). मग काय मूळचं, काय बदललेलं आणि जतनाचे कोणते नियम लागू आहेत, हे स्पष्ट सांगावं. अक्षरं साधी, पानावर भरपूर मोकळी जागा. खोली मोठी भासावी म्हणून रुंद कोनाची लेन्स वापरणं मला सरळ फसवणूक वाटते, कारण प्रमाणबद्धता हा या घरांचा प्राण आहे.

२००८ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने कॉफमन यांचं हे घर समकालीन कलेच्या लिलावात, कलाकृतींच्या पंगतीत मांडलं. दीड कोटी डॉलरची बोली लागली. तो व्यवहार मात्र पुढे मोडला.