संगणक उठत नाही तेव्हा

दसऱ्याला हळदकुंकू वाहून ज्याची पूजा केली, तोच टेबलावरचा संगणक एखाद्या सकाळी डोळे उघडायला तयार नसतो. बटण दाबावे तर पडदा काळा. मग घरात उपचारांना ऊत येतो. कोणी पेटीला थाप मारतो, कोणी दहादा बटण दाबतो, आणि शेवटी ‘दुकानात टाकून या’ असा निकाल लागतो.

बँकेत तेरीज जुळली नाही, तर सगळ्या वह्या एकदम उघडायच्या नाहीत, असा आमच्याकडे दंडक होता. आधी बेरीज तपासायची. मग फरकाला नऊने भाग जातो का पाहायचे. जात असेल तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याची शक्यता. सोपे आधी, अवघड नंतर. बंद पडलेल्या संगणकालाही हाच न्याय लागू पडतो, कारण तोही पायरीपायरीनेच जागा होतो.

या जागे होण्याला ‘बूट’ म्हणतात. वीज मिळाली की यंत्र प्रथम स्वतःची तपासणी करते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतही ही सोय होती. मेमरी, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी झाली की ते डिस्कवरून विंडोज उचलते. गाडी कोणत्या स्टेशनात अडली हे कळले, की अर्धे काम झाले.

पंखाच फिरत नसेल तर प्रश्न बहुधा विजेचा. भिंतीवरचे बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, पेटीमागचा छोटा स्विच पाहावा. मात्र वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात घातक वीज साठलेली असू शकते. पंखा फिरतो पण पडदा काळा असेल, तर आधी मॉनिटरची वायर पाहावी, मग रॅम. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी आणि पट्टी खाचेत ‘खट्’ होईपर्यंत बसवावी. यंत्र बीप वाजवत असेल तर ते मोजावेत. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडतो. अक्षरे उमटतात पण विंडोज सापडत नाही, तेव्हा मागे राहिलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा संगणक असाच ‘विंडोज सापडत नाही’ म्हणू लागला. दुकानदाराने फॉरमॅट मारला. संगणक सुरू झाला, पण त्यात साठवलेले दिवंगत यजमानांचे गाणे पुसले गेले. पंधरा दिवसांनी तक्रार पुन्हा तीच! तारीखही रोज काही वर्षे मागे जायची. अखेर दोष निघाला मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर २०३२, तीन व्होल्ट. तो संपला की घड्याळ विसरते आणि कोणत्या डिस्कवरून उठायचे ही नोंदही पुसली जाऊ शकते. स्वस्तातला सेल बदलला, यंत्र सुधारले. गाणे मात्र परत आले नाही.

म्हणून ‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नाला पहिले उत्तर ‘नाही’ असेच असावे. संगणक मेला म्हणजे डिस्क मेली, असे नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. ती कुलूपबंद केलेली असेल तर तिची रिकव्हरी की मात्र आधीच लिहून ठेवलेली हवी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र लगेच बंद करून जाणकाराकडेच द्यावे.

नोंदींची एक प्रत शाखेबाहेर ठेवायची, ही बँकेची जुनी शिस्त. घरातल्या फोटोंना, हिशेबांना, पत्रांना ती का नको? संगणक आज उठला म्हणून उद्या उठेलच, अशी हमी कोणी देत नाही. उठलाच, तर त्या दिवशीचे पहिले काम प्रत काढण्याचे.