व्हिडिओ लावला, पण पाय कोण बघणार?

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या शाळांत गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. पूर्वी नाचाची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडे त्या बाई घरी टेपरेकॉर्डर लावून स्टेप्स बसवत. आता यूट्यूबवर गाण्याचं नाव टाकलं की डझनावारी नमुने समोर येतात. वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर त्यातला एक लावला, की तालीम सुरू.

पहिला घोळ डाव्या-उजव्याचा. पडद्यावरची ताई आपल्याकडे तोंड करून उजवा हात वर करते. निम्मी मुलं आरशात बघावं तसा डावा करतात, निम्मी विचार करून उजवा. मग लेझीम शेजारच्याच्या कोपराला लागलीच! भरतनाट्यमच्या अडवूंत, म्हणजे मूळ पदन्यासांत, आधी उजवी बाजू, मग डावी असा क्रम ठरलेला असतो, तिथे तर हे मुळीच चालत नाही. म्हणूनच जाणते शिक्षक पाठमोरे उभे राहून व्हिडिओ काढतात, नाहीतर चित्रच उलटवून घेतात.

वेग कमी करण्याची सोय मात्र फार मोलाची. यूट्यूबवर तो पाव पटीपर्यंत खाली आणता येतो आणि गाण्याचा सूर उतरत नाही. पाऊणपट वेगात हाताची वळणं, पावलांची अदलाबदल स्वच्छ दिसते. उडी तेवढी अशी शिकता येत नाही. पडद्यावरचा नर्तक हवेत रेंगाळतो, पण मुलाला जमीन आपल्या वेगानेच खाली खेचते. उडीसाठी पुन्हा मूळ वेगावर यावंच लागतं.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागल्यावर नृत्याचे वर्ग घराघरांतल्या फोनवर आले, तेव्हा खरी परीक्षा झाली ती शास्त्रीय नृत्याची. कथकच्या तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, तीनतालाच्या 16 मात्रा गुरू डोळ्यांइतक्याच कानांनी तपासतात. व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गुरूंनी इकडे ताल धरला की तिकडची विद्यार्थिनी सतत मागे पडल्यासारखी वाटते. त्यात अशा अ‍ॅपची घडण माणसाच्या बोलण्यासाठी. घुंगरांचा नाद आणि तबला त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबूनच टाकतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर हा जाच कमी होतो. उशिरावरचा उपाय त्याहून साधा: लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी सुरावट, विद्यार्थिनीच्याच घरी वाजवायचा. मग लेहरा आणि पाय एकत्रच गुरूंपर्यंत पोहोचतात आणि चूक नेमकी कुठे आहे ते कळतं.

खरं तर शाळेला सगळ्यात उपयोगी पडतो तो बाहेरून आणलेला व्हिडिओ नव्हे, तर मुलांचाच. बाईंनी तालमीचा मिनिटभराचा तुकडा टिपावा, मुलांना दाखवावा. ‘गुडघा वाक’ असं दहादा सांगून जे होत नाही, ते स्वतःचा ताठ गुडघा पडद्यावर पाहिल्यावर चटकन होतं. मात्र चित्रणात पावलं यायला हवीत. हौशी व्हिडिओत नेमकी तीच कापली जातात. आणि असा तुकडा तालमीपुरताच असावा. मुलांचे चेहरे इंटरनेटवर चढवायचे तर आधी पालकांना विचारायला हवं.

दुसऱ्याचा नाच उचलताना बसवणाऱ्याचं नाव सांगण्याची रीत अजून फारशी रुळलेली नाही. टिकटॉकवर गाजलेला ‘रेनेगेड’ नाच 2019 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाजवळ राहणाऱ्या जलाया हार्मन या 14 वर्षांच्या शाळकरी मुलीने बसवला होता. लाखो लोक तो नाचत होते, प्रसिद्धी इतरांना मिळत होती. तिचं नाव सर्वदूर पोहोचायला फेब्रुवारी 2020 उजाडला. गॅदरिंगच्या निवेदनात गीतकार-संगीतकारांची नावं येतात, त्यांच्यापुढे नाच बसवणाऱ्याचं एक नाव सहज मावेल.