आहेरातील पुस्तक आणि वाचणारे मूल

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की मुंजींचे मुहूर्त आणि उन्हाळ्याची सुट्टी एकदमच दाराशी येतात, आणि नातलगांच्या मुलांना काय द्यावे, हा प्रश्न घरोघरी निघतो. मूल वाचनवेडे असेल तर प्रश्न सोपा, असा सर्वसाधारण समज आहे. एखादे पुस्तक द्यावे, म्हणजे झाले! वस्तुतः प्रश्न तेथेच अवघड होतो. ज्याला वाचनाची आवड नाही, त्याला दिलेले पुस्तक कपाटात पडून राहते. त्याने फारसे बिघडत नाही. परंतु वाचणाऱ्या मुलाच्या हाती लागोपाठ नको ती पुस्तके पडत गेली, तर पुस्तकांवरचाच त्याचा विश्वास उडतो. नऊ ते तेरा ही वर्षे या दृष्टीने फार मोलाची आहेत. वाचनाची सवय लागायची ती बहुधा याच काळात, आणि सुटायची तीही याच काळात.

भेटवस्तूंच्या या व्यवहाराचा विचार अर्थशास्त्रानेही केला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मिळालेल्या वस्तूंची स्वतःच्या लेखी किती किंमत आहे, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले. त्यावरून त्याने असे अनुमान काढले, की अशा भेटींच्या किमतीपैकी एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचे मूल्य व्यर्थच जाते. देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर जसजसे वाढते, तसतसा हा तोटाही वाढतो. समवयस्क मित्राची भेट बरोबर लागू पडते. आजोबा, आत्या, काका यांची चुकण्याचा संभव अधिक.

आपल्या पुस्तकभेटींना हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते. आपण पुस्तक निवडतो ते पुष्कळदा स्वतःच्या आठवणीसाठी, नाहीतर उपदेशासाठी. एकाच मुंजीत ‘श्यामची आई’च्या तीन-चार प्रती जमा होतात, त्याचे कारण हेच. साने गुरुजींच्या त्या पुस्तकाच्या थोरवीविषयी वाद नाही. पण घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविण्यास चौथ्या प्रतीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. मुलाने काय वाचावे, याचा विचार तेथे झालेला असतो. ते सध्या काय वाचते आहे, याची चौकशी मात्र राहून जाते.

माझ्या मते, या वयाच्या वाचनवेड्या मुलाला सुटे पुस्तक देण्यापेक्षा त्याच्या वयाला साजेशी एखादी मालिका लावून द्यावी, आणि तीही एकेका भागाने. मालिकेचा मोठा गुण हा, की पुढचे पुस्तक शोधण्याचे श्रम ती वाचविते. पहिला भाग आवडला, की दुसऱ्याची निवड आपोआप होते. ओळखीचा नायक, ओळखीची गल्ली, ओळखीची भाषा यांमुळे वाचनाचा वेग वाढतो आणि जाड पुस्तकाची धास्ती उरत नाही.

यावर विचारी लोकांचा एक जुना आक्षेप आहे. मालिका म्हणजे साचा. तेच ते वाचून मुलांची रुची बोथट होते, असे ते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रॅटेमायर याच्या संस्थेने १९२७ साली हार्डी बॉईज आणि १९३० साली नॅन्सी ड्रू या मालिका बाजारात आणल्या, त्या अक्षरशः कारखान्याच्या पद्धतीने. कथानकाचा आराखडा संस्थेने द्यायचा, मजकूर पगारी लेखकाने लिहायचा, आणि मुखपृष्ठावर तिसरेच काल्पनिक नाव छापायचे! तरीही त्या पुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या वाचक घडविले, हे नाकारता येत नाही. दहाव्या वर्षी मूल एकाच साच्याची वीस पुस्तके वाचते, तेव्हा ते वाचनाचा सराव करीत असते. साचा ओळखता येऊ लागला, की ते स्वतःहून पुढे सरकते. रुची घडते ती तेथून.

खरा प्रश्न वयाचा आहे. पुस्तकावर छापलेला वयोगट हा येथे पुरेसा आधार नव्हे. मुले स्वतःपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या नायकाविषयी आवडीने वाचतात. लहान नायक त्यांना ‘बाळबोध’ वाटतो. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ हे अत्यंत सुंदर काम आहे, परंतु ते शिशुवयासाठी. दहा वर्षांच्या मुलीला ते दिले तर तिला आपला अपमान झाल्यासारखे वाटेल. नऊ-दहाच्या वयाला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे चालतो. त्याच्या थोडे पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येतो. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवरून संकटाच्या तोंडी जाणारा हा मुलगा आजही धावतो. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’चे तीन भाग गोड आहेत, मात्र त्यांतील घर आणि भाषा जुन्या काळची असल्यामुळे, प्रारंभी कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखविणे इष्ट. अकरा-बारा वर्षांच्या वाचकासाठी अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा आहे. त्यात खून आहेत, चोऱ्या आहेत. पण हिंसेची चव नाही.

हॅरी पॉटरची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात भाग निघाले, आणि नायक अकरा वर्षांचा होता तो सतरा वर्षांचा झाला. पहिल्या वाचकांचे वय त्याच्याबरोबर वाढत गेले. आजचे नऊ वर्षांचे मूल तोच प्रवास एका सुट्टीत उरकते, आणि चौथ्या भागात एका विद्यार्थ्याच्या मृत्यूपाशी अकाली येऊन ठेपते. म्हणून सातही भागांचा संच एकदम देण्याचा मोह टाळावा. प्रदर्शनात संचावर सूट मिळते हे खरे. पण पहिलाच भाग रुचला नाही तर उरलेले सहा भाग म्हणजे अडकलेले भांडवल. आणि रुचला, तर पुढच्या भागाची वाट पाहण्याचा आनंद आपणच हिरावून घेतलेला असतो.

दक्षिण मुंबईतील मराठी घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. येथील पुष्कळ मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. अशा मुलाची वाचनाची वये दोन असतात. इंग्रजीत ते बारा वर्षांचे असते, तर मराठीत नऊ वर्षांचे. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने पॉटर मराठीत आणला आहे. पण जे मूल तो इंग्रजीत वाचून बसले आहे, त्याला तोच जाडजूड ग्रंथ मराठीत देऊन मराठीची गोडी लागेल, ही अपेक्षा फोल आहे. त्याला आखूड प्रकरणांचा, संवादांनी भरलेला बोक्या द्यावा. मराठीतील त्याचे वय वाढले, की फेणे आणि फेलूदा त्याच्या आटोक्यात येतील.

फणसवाडीसारख्या वस्तीत एके काळी ही व्यवस्था आपोआप चालत असे. चाळीच्या सामायिक गॅलरीत एका बिऱ्हाडाने घेतलेले पुस्तक मजल्यावरच्या दहा मुलांच्या हातांतून फिरत असे. कोणाकडे तिसरा भाग आहे आणि कोणाकडे पाचवा, याची खबर मुलांना वाण्याच्या भावांपेक्षा पक्की असे. अनेक कुटुंबे उपनगरांत गेली, जुन्या चाळींच्या जागी बंद दारांच्या सदनिका आल्या, आणि हे अलिखित वाचनालय मोडले. ते पुन्हा उभे करणे नातलगांच्या हाती आहे. आत्याने पहिला भाग द्यावा, मामाने दुसरा. चुलत-मावस भावंडांनी वाचून झालेले भाग अदलाबदल करावेत. देण्यापूर्वी मुलाला एवढेच विचारावे, की शेवटपर्यंत वाचलेले अलीकडचे पुस्तक कोणते? आणि दुकानदाराची पावती पुस्तकातच ठेवावी, म्हणजे बदलून घेण्याची सोय राहते.

या साऱ्या व्यवहाराची दुसरी बाजू पुरवठ्याची आहे. राय यांनी फेलूदाची पहिली कथा १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात लिहिली. पुढे त्याच्या अनेक कादंबऱ्या ‘देश’च्या शारदीय अंकांतून आल्या, १९९२ साली राय निवर्तले, तोवर हा नायक जिवंत राहिला. दरवर्षी अंक विकत घेणारा वाचक तेथे होता, म्हणून लेखकाला सव्वीस-सत्तावीस वर्षे एका नायकाची सोबत करता आली. आपल्याकडे भागवतांनी फेणेची सोबत दीर्घकाळ केली. त्यांच्यानंतर तशी दमदार मालिका क्वचितच उभी राहिली. मुलींना नायिका करणाऱ्या मालिकांची वाण तर याहून अधिक आहे. ताम्हनकरांनी फार पूर्वी ‘चिंगी’ लिहिली. पण तिच्या मागून येणाऱ्यांची रांग लांबली नाही.

मालिका चालवावयाची तर लेखकाला आयुष्याची काही वर्षे आणि प्रकाशकाला भांडवल गुंतवावे लागते. पहिला भाग घेणारा दुसऱ्यासाठी परत येईल, ही खात्री असेल तरच ते गुंतविले जाते. ती खात्री भाषणांतून किंवा मराठी दिनाच्या फलकांवरून मिळत नाही. आहेरात ठेवलेल्या पाकिटाऐवजी मुलाच्या हाती पहिला भाग देणारा, आणि सहा महिन्यांनी त्याला ‘दुसरा हवा का?’ असे विचारणारा काका किंवा मावशी, हीच मराठी बालसाहित्याची खरी मागणी होय.