घर देताना, घर सोडताना

उतारवयात औषधांच्या वेळा जितक्या काटेकोरपणे पाळाव्या लागतात, तितक्याच काळजीने कागदपत्रेही करून ठेवावी लागतात. घरच्या माणसांशी लेखी व्यवहार करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. त्यामुळे राहते घर मुलाच्या नावे होते, सांभाळण्याचे वचन मात्र तोंडीच राहते. पुढे नात्यात कटुता आली, की न्यायाधिकरण प्रथम विचारते ते हेच : लिहून काय ठेवले होते?

बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

नोंदणीकृत बक्षीसपत्राने मालमत्ता आपल्या हयातीतच दुसऱ्याची होते. मृत्युपत्र आपल्या पश्चात अमलात येते आणि तोवर ते कितीही वेळा बदलता येते. त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही; नोंदणीही ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना मालमत्तेत वाटा मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. त्याच दिवशी आपली मानसिक स्थिती उत्तम असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतल्यास पुढील वाद टळण्यास मदत होते. धर्मानुसार वारसा कायद्यांत फरक असतो, म्हणून वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा. राहत्या घराखेरीज दुसरा आधार नसेल, तर मृत्युपत्राचा मार्ग अधिक सुरक्षित होय.

बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये एका प्रकरणात, अशी अट असल्याचे दिसून न आल्याने, आईच्या विरोधात निर्णय दिला. जानेवारी 2025 मध्ये मात्र मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले. तिच्या बाजूने मुलाच्या लेखी वचनाचा आधार होता.

वृद्धाश्रम निवडताना

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात प्रवेश घेण्यापूर्वी लेखी करार मागावा. रात्री परिचारिका असते का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, तातडीच्या प्रसंगी कोणत्या रुग्णालयात नेणार, अनामत रक्कम केव्हा परत मिळणार, हे त्यात नमूद असावे.

पुढे भेटीला जाताना वेळ बदलून जावे. माकडहाड, टाचा आणि खुबे यांवरील त्वचा पाहावी. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस नियमितपणे बदलली नाही, तर तेथे लाली येऊन जखमा होतात. झपाट्याने घटलेले वजन, कोरडे पडलेले ओठ, वारंवार पडणे आणि अकारण गुंगी याही धोक्याच्या खुणा आहेत. यांतील प्रत्येक खूण हलगर्जीपणाचीच असेल असे नाही. परंतु तिचे कारण विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

शंका आल्यास प्रथम रुग्णास योग्य उपचार मिळवून द्यावेत. मग तारखेसह छायाचित्रे काढावीत, व्यवस्थापनास लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात. डॉक्टरांकडे वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या 72 तासांत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी साधारणतः दोन वर्षांची मुदत आहे.

मुलांनी पाठ फिरवली तर

साठीपुढील व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून गुजराण करणे शक्य नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. स्वतः जाणे शक्य नसल्यास दुसऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस त्यासाठी अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत अर्ज निकाली काढावा, असे कायदा सांगतो. ज्येष्ठांना टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावास, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची 14567 ही निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे.

वाचकहो, हे विषय आई-वडिलांची प्रकृती ठीक असतानाच घरात काढावेत. तो पुढाकार मुलांनी घेतला, तर वडीलधाऱ्यांचा संकोच आपोआप कमी होईल.