पंढरपूरचे हुसेन आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरची गजगामिनी

सोलापूरकरांनो, चित्रकार मकबूल फिदा हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, हे नव्या पोरांना सांगायलाच हवं! जन्म पंढरपूरचा, 1915 चा. तरुणपणी मुंबईत सिनेमाची पोस्टर्स रंगवून पोट भरलं. हातभर फोटोवरून भिंतीएवढा चेहरा उभा करायचा, तोही रस्त्यापलीकडून ओळखू येईल असा. ठसठशीत काळी रेघ आणि सपाट, भडक रंग ही त्यांची ओळख. मला तरी त्याचं मूळ या पोस्टर्सच्या कामातच दिसतं.

1994 साली ‘हम आपके हैं कौन’ हा सिनेमा आला. हुसेन तेव्हा ऐंशीला टेकलेले. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याची नायिका माधुरी दीक्षित हिच्यावर चित्रांची मालिकाच रंगवली. 2000 साली तिलाच घेऊन ‘गजगामिनी’ हा सिनेमाही केला. या वयात एवढा उत्साह!

आता हुसेननीच रंगवलेली मदर तेरेसांची चित्रं बघा. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई गेली, तिचा फोटोही नव्हता; मला तरी तो काळोख या न पाहिलेल्या चेहऱ्याचाच वाटतो. माधुरीची चित्रं पाहताना ही चित्रंही शेजारी ठेवून बघाच.